शनिवारवाड्यातली ती हाक कुठे गेली?

पुण्यात पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा दाखवायचा, आणि दिल्ली दरवाजातून आत शिरता शिरता आवाज खाली आणून सांगायचं, "इथं रात्री अजून हाक ऐकू येते बरं का! ‘काका, मला वाचवा!’" ही पद्धत फार जुनी आहे. तुम्हीही ती गोष्ट ऐकली असेल. कुणाला आत्याने सांगितली असेल, कुणाला शेजारच्या दादाने, तर कुणाला सहलीच्या बसमध्ये शेवटच्या बाकावरून. सांगणारे कुणी म्हणतात, पौर्णिमेच्या रात्री येते. कुणी म्हणतात, अमावास्येच्या.

माझ्या भाचीला मी वाडा दाखवायला नेलं, तेव्हा तिनेही ही गोष्ट ऐकलेली होती. पण ती घाबरली नाही. जोत्यांमधल्या पायवाटेवर उभी राहून तिने विचारलं, "मावशी, नारायणराव पेशवे खरंच तसे ओरडले असतील ना? मग तो आवाज गेला कुठे?"

काय सुंदर प्रश्न आहे! भूत आहे की नाही, यावर मोठी माणसं तासन् तास वाद घालतात आणि कुणाचंच समाधान होत नाही. पण आवाज कुठे गेला, हे शोधता येतं. त्यासाठी थोडा इतिहास लागेल, थोडं विज्ञान लागेल आणि एक टेबल फॅन लागेल. चला तर.

आधी घडलं काय ते पाहू. थोरले बाजीराव पेशवे यांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी केली. तो शनिवार होता. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, आणि तोही शनिवार! पुढे या वाड्यातून मराठ्यांचा कारभार पाहिला गेला. १७७२ च्या नोव्हेंबरात थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. वय किती? सतरा. आपल्याकडची बारावीतली मुलं असतात, तेवढा.

त्याचे काका रघुनाथराव यांना वाड्यातच नजरकैदेत ठेवलं होतं. १७७३ च्या भाद्रपदात, गणपतीचे दिवस चालू असताना, पहाऱ्यावरचे गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगाराचं निमित्त करून हत्यारं घेऊन आत घुसले. त्यांचा एक म्होरक्या होता सुमेरसिंग. नारायणराव धावत काकांकडे गेला, त्यांना मिठी मारली, आणि तिथेच त्याला मारलं गेलं. त्याला वाचवायला मध्ये पडलेला त्याचा सेवक चापाजी टिळेकर, तोही गेला. तारीख होती ३० ऑगस्ट १७७३. नारायणराव त्याच महिन्यात अठरा वर्षांचा झाला होता. ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच, तिच्यात आज शिरत नाही.

हे सगळं खरं घडलेलं आहे, आणि ते फार वाईट आहे. म्हणून मला वाटतं, या वाड्यात शिरताना "भूत, भूत" म्हणून किंचाळत धावण्याआधी त्या अठरा वर्षांच्या मुलाची क्षणभर आठवण काढावी.

आता थोडी गुप्तहेरगिरी करू. भुताच्या गोष्टीत हाक नेहमी रात्री येते. पण खून झाला तो भर दुपारी! सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला होता, आणि गारदी आले तेव्हा दिवस डोक्यावर होता. बरं, तिथी कोणती होती? भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे पौर्णिमा नव्हती आणि अमावास्या तर मुळीच नव्हती. तुम्ही घरचं कॅलेंडर काढून बघा, अनंत चतुर्दशीचा आदला दिवस तो. मग रात्र, पौर्णिमा आणि अमावास्या गोष्टीत आल्या कुठून? सांगणाऱ्यांनी आणल्या. कुणालाही भीती दाखवायची तर दुपारचं ऊन काही कामाचं नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हाक गेली कुठे?

आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. आपण बोलतो तेव्हा गळ्यातल्या स्वरतंतूंच्या कंपनांमुळे शेजारची हवा दाबली जाते, सैल होते, पुन्हा दाबली जाते. तो धक्का शेजारच्या हवेला, तिच्याकडून पुढच्या हवेला, असा सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगाने पुढे जातो. म्हणजे हाक तोंडातून निघाल्यावर एक सेकंद पुरा व्हायच्या आत ती वाड्याच्या चारही तटांपर्यंत पोचली असणार. पण पोचताना तिची ताकद झपाट्याने कमी होत गेली, कारण तीच ऊर्जा अधिकाधिक जागेत पसरत होती. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. तिप्पट झालं की नवव्या भागावर.

आणि जी ऊर्जा महालाच्या भिंतींवर, पडद्यांवर, गाद्या-तक्क्यांवर आदळली, ती त्यांत मुरली. मुरली म्हणजे साठली असं समजू नका. आवाजाच्या कंपनांनी कापडाचे धागे आणि लाकडातले कण जरासे हलले, एकमेकांवर घासले, आणि घासल्यावर काय होतं? तळहात चोळून बघा. ऊब तयार होते. आवाजाची सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, "म्हणजे नारायणरावांच्या हाकेने वाडा गरम झाला?" झाला! पण किती, ते ऐकण्यासारखं आहे.

जोरात ओरडणारा माणूस सेकंदाला साधारण एक सहस्रांश ज्यूल एवढी ऊर्जा आवाजाच्या रूपाने बाहेर टाकतो. पाच मिलीलीटरच्या चमचाभर पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे २१ ज्यूल लागतात. भागाकार करा. एकवीस हजार सेकंद! म्हणजे कुणी जवळजवळ सहा तास न थांबता ओरडत राहिलं आणि त्यातली कणभरही ऊर्जा वाया न जाता चमच्यात गोळा झाली, तर ते पाणी फक्त एका अंशाने तापेल. आपला कान किती नाजूक यंत्र आहे ते यावरून कळतं. एवढ्याशा ऊर्जेतूनही "कुणीतरी मदत मागतंय" हे तो आपल्यापर्यंत पोचवतो.

तेव्हा उत्तर असं की, ती हाक दोन-चार सेकंदांत विरली आणि तिची ऊब वाड्यात, हवेत मिसळून गेली. विजापूरच्या गोलघुमटात कुजबूजसुद्धा पुन्हा पुन्हा ऐकू येते, कारण तिथे कडक, वळणदार भिंत आवाज परत परत आत फेकते. तिथेही थोड्या वेळाने शांतता होतेच. शनिवारवाड्यात तर आता आवाज परत फेकायला डोक्यावर छप्परच नाही.

आणि हाही एक मुद्दा आहे, जो गोष्ट सांगणारे विसरतात. ज्या महालात ही हाक उमटली, तो महालच आता नाही! २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. आतले मजल्यावर मजले लाकडी होते. सागवानी खांब, तुळया, नक्षीदार छत, रंगवलेल्या भिंती, सगळं जळून गेलं. आज आपण बघतो ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि उत्खननात मोकळी केलेली जोती. ज्या भिंतींनी ती हाक ऐकली, त्यांची राख होऊन दोनशे वर्षं होत आली.

भिंत आवाज साठवू शकत नाही, कारण साठवलेला आवाज परत काढायला काहीतरी यंत्रणा लागते. माणसाला ती जमली १८७७ साली, जेव्हा एडिसनने फोनोग्राफ बनवला. फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला, त्यावर आवाजाच्या कंपनांनी सुई चर पाडते, आणि त्या चरातून पुन्हा सुई फिरवली की आवाज परत येतो. नारायणरावाच्या मृत्यूनंतर एकशे चार वर्षांनी. त्यामुळे नारायणराव असो, बाजीराव असोत की मस्तानी, त्यांचा आवाज कसा होता हे आपल्याला कधीच कळणार नाही. मला या गोष्टीचं भुतापेक्षा कितीतरी जास्त वाईट वाटतं.

"मग मावशी, लोकांना ऐकू काय येतं?"

हा दुसरा चांगला प्रश्न. रात्री आवाज येतात, हे अगदी खरं आहे. दिवसा येत नाहीत असे येतात. तुमच्या घरी रात्री लांबच्या रेल्वेची शिट्टी ऐकू येते ना, जी दिवसा कधीच ऐकू येत नाही? दिवसा गोंगाट असतो हे एक कारण. दुसरं कारण जास्त मजेदार आहे. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम होते आणि वर जावं तसतशी हवा गार लागते. गरम हवेत आवाज जरा जास्त वेगाने जातो, त्यामुळे दिवसा आवाजाची लाट वरच्या बाजूला वळते आणि आपल्या डोक्यावरून निघून जाते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उलटं होतं. जमीन लवकर निवते, खालची हवा गार आणि वरची त्या मानाने गरम. मग वर निघालेला आवाज वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. शनिवारवाड्याच्या जवळच मुठा नदी आहे. नदीच्या पात्रापलीकडचा, दिवसा कधी न ऐकू येणारा एखादा आवाज रात्री तटापाशी स्पष्ट ऐकू आला, तर तो "कुठूनही न येता" आल्यासारखा वाटणारच.

आणि काही आवाज तर असे असतात की माहीत असूनही काळीज हलतं. दोन बोके भांडताना ऐका, तान्हं बाळ रडतंय असंच वाटेल. रात्री टिटवी ओरडत गेली की खेड्यातली माणसं अजूनही दचकतात. पण या सगळ्यांत वरचा नंबर गव्हाणी घुबडाचा. पडक्या वाड्यांचे कोनाडे, किल्ल्यांचे बुरूज, जुन्या इमारतींचे पोटमाळे ही त्याची आवडती घरं. याचा चेहरा पांढरट आणि बदामाच्या आकाराचा. इतर घुबडांसारखं घुत्कारत नाही हे, चक्क किंचाळतं! लांब, घोगरी, फाटक्या आवाजातली किंकाळी. त्याची पिल्लं ढोलीत फुसफुसतात, तीही अंधारात काही कमी भीतीदायक नाहीत. त्याच्या पंखांच्या कडेला मऊ झालर असते, त्यामुळे उडताना आवाज होत नाही. तुम्ही अंधारात उभे आहात, एक पांढरा चेहरा काहीही आवाज न करता डोक्यावरून तरंगत गेला आणि पलीकडून किंकाळी आली. आता सांगा, पूर्वी कंदील घेऊन फिरणाऱ्या माणसाने काय समजायचं?

या घुबडाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा वर असतो. त्यामुळे उंदराची खुसखुस दोन्ही कानांत किंचित वेगवेगळी पोचते आणि त्या फरकावरून उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला मिट्ट काळोखातही कळतं. घुबडांचं एक कुटुंब वर्षभरात शेकड्यांनी उंदीर खातं. एवढा गुणी पक्षी, आणि आपण त्याला अशुभ म्हणून हाकलतो!

पण थांबा. घुबड किंचाळलं, बोका रडला, नदीपलीकडून काहीतरी आलं, हे मानलं. त्यात कुणाला "काका, मला वाचवा" हे शब्द कसे ऐकू येतात? घुबडाला मराठी येत नाही.

शब्द घुबडाकडून येत नाहीत, आपल्या मेंदूकडून येतात. आपल्याला वाटतं की कान ऐकतो आणि मेंदू नुसता समजून घेतो. प्रत्यक्षात कानापर्यंत येणारा आवाज नेहमीच अर्धामुर्धा असतो. वर्गात गलका चालू असताना मैत्रीण काहीतरी बोलते, त्यातली निम्मी अक्षरं गलक्यात हरवलेली असतात, तरी तुम्हाला पूर्ण वाक्य कळतं. उरलेली अक्षरं तुमच्या मेंदूने भरली. काय असू शकेल याचा अंदाज करून! हा अंदाज इतका चटकन होतो की तो अंदाज होता हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

नेदरलँड्समधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली याचा एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ४४ विद्यार्थ्यांना नुसता खरखराट ऐकवला, रेडिओचं स्टेशन लागत नाही तेव्हा येतो तसा. सांगितलं असं की, यात ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणं अगदी बारीक आवाजात असू शकेल, स्पष्ट ऐकू आलं की बटण दाबा. त्या खरखराटात गाणं नव्हतंच. तरी १४ जणांनी बटण दाबलं! ही मुलं खोटं बोलत नव्हती, वेडी नव्हती, भित्री नव्हती. त्यांना काय ऐकू येणार ते आधी सांगितलं होतं, एवढंच.

हा प्रयोग तुम्हाला घरी करता येईल, आणि इथे तो टेबल फॅन लागेल. फॅन जोरात लावा. चार-पाच मित्रमैत्रिणींना एकेक करून बोलवा. काहींना सांगा, "शेजारच्या खोलीत गणपतीची आरती अगदी हळू लावली आहे. ऐकू आली की हात वर कर." बाकीच्यांना फक्त म्हणा, "दोन मिनिटं शांत बस आणि काय ऐकू येतं ते सांग." आरती अर्थातच लावायची नाही. कुणी कुणी हात वर केला, ते वहीत लिहून ठेवा. आणि प्रयोग संपल्यावर सगळ्यांना खरं काय ते सांगून टाका, ते फार महत्त्वाचं.

आता शनिवारवाड्याकडे बघा. कुणाला तिथे दुसरे कुठले शब्द ऐकू आल्याची गोष्ट तुम्ही ऐकली आहे? नाही. कारण आत शिरण्याआधीच प्रत्येकाला काय ऐकू येणार ते सांगितलेलं असतं.

मेंदू असं का करतो, यामागे एक समजूतदार कारण आहे. उसाच्या फडात सळसळ झाली. वारा असेल किंवा बिबट्या असेल. बिबट्या समजून पळालात आणि निघाला वारा, तर थोडी दमछाक झाली, बाकी काही बिघडलं नाही. वारा समजून उभे राहिलात आणि निघाला बिबट्या, तर खेळ संपला. लाखो वर्षं रानात राहिलेल्या आपल्या पूर्वजांत उगीच दचकणारेच जास्त तगले. आपण त्यांचीच नातवंडं-पतवंडं. म्हणून शंकास्पद आवाज आला की आपला मेंदू आधी "कुणीतरी आहे" असंच म्हणतो. लगेच शरीरात ॲड्रेनलिन नावाचं रसायन पसरतं, छाती धडधडते, अंगावर काटा येतो. काटा येतो म्हणजे प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला इवलासा स्नायू आवळला जातो. मांजर घाबरलं की त्याचे केस फुलतात आणि ते मोठं दिसतं, तेच हे. आपल्या अंगावर फुलवण्यासारखे केस उरले नाहीत, पण स्नायू मात्र अजून आपलं काम इमानाने करतायत!

काही जण म्हणतात, "आम्हाला आवाज नाही आला, पण डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. वळून पाहिलं तर गायब!" हे अनुभव सांगणारी माणसं जगभर आहेत आणि मला वाटतं, त्यांतली बहुतेक अगदी खरं सांगतात. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी रंग आणि बारकावे दाखवतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी रंग ओळखत नाहीत, पण अगदी मंद उजेडातही काम करतात. गंमत अशी की, आपण ज्या जागेने थेट, रोखून पाहतो, त्या पडद्याच्या मधल्या ठिपक्यात दंडाकार पेशी नसतातच! त्या सगळ्या आजूबाजूला. म्हणून अंधारात मंद वस्तू कोपऱ्यातून दिसते आणि तिच्याकडे रोखून पाहिलं की नाहीशी होते. भूत गायब होत नाही. तुम्हीच ते डोळ्याच्या, अंधारात आंधळ्या होणाऱ्या, त्या मधल्या ठिपक्यावर घेता.

हेही करून पाहा. आज रात्री गच्चीवर जा, मोबाईल खालीच ठेवा आणि अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं द्या, कारण दंडाकार पेशींना पूर्ण तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. मग एक अगदी पुसट तारा शोधा. त्याच्याकडे रोखून बघा, तो विरेल. नजर जराशी बाजूला न्या, तो परत येईल. आकाशनिरीक्षण करणारी मंडळी ही युक्ती नेहमी वापरतात.

डोळ्याच्या कोपऱ्यातल्या भुताचा एक तपास मला फार आवडतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात विक टँडी नावाचे अभियंते होते. त्यांच्या प्रयोगशाळेत भूत आहे अशी कुजबूज होती. एका रात्री एकटे काम करताना त्यांना घाम फुटला, उदास वाटायला लागलं, आणि डाव्या बाजूला करडी आकृती दिसली. वळले तर काही नाही. दुसऱ्या दिवशी ते आपली तलवारबाजीची तलवार दुरुस्त करायला घेऊन आले. पातं शेगड्यात पकडलं, तर कुणी हात न लावता ते थरथरायला लागलं! दुसरा कुणी पळाला असता. टँडींनी विचार केला, पातं हलतंय म्हणजे कुठूनतरी ऊर्जा येतेय. शोधता शोधता सापडला नवा बसवलेला पंखा. त्याच्यामुळे खोलीत सेकंदाला साधारण १९ कंपनांची लाट उभी राहत होती. माणसाला साधारण २० च्या खालची कंपनं ऐकू येत नाहीत. पंख्याची बैठक बदलली आणि भूत गेलं. १९९८ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि विज्ञानाची हीच खुबी मला सगळ्यात प्रिय आहे. टँडींचं म्हणणं खरं का, हेही तपासायला हवं ना? लंडनच्या काही मानसशास्त्रज्ञांनी पांढऱ्या कापडाची एक गोल, रिकामी खोली बनवली. तिच्यात ऐकू न येणारी कंपनं आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडण्याची सोय केली आणि ७९ जणांना एकेक करून आत पाठवलं. इथं विचित्र अनुभव येऊ शकतात, हे सगळ्यांना आधी सांगितलं होतं. बऱ्याच जणांना विचित्र अनुभव आले. कुणाला गरगरलं, कुणाला शेजारी कुणीतरी आहे असं वाटलं. पण कंपनं चालू होती की बंद, याने काही फरक पडला नाही! २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. म्हणजे टँडींच्या पंख्याचा मुद्दा अजून पक्का झालेला नाही. "तुला काहीतरी वाटेल" हे सांगणं मात्र पुन्हा एकदा भारी ठरलं.

अशी हूल एखादी पाटीही देऊ शकते. राजस्थानात अलवर जिल्ह्यात भानगड नावाचा किल्ला आहे. सूर्यास्तानंतर आत जायला मनाई आहे अशी सरकारी पाटी तिथे लावलेली आहे, आणि ती पाटी म्हणजे भुताचा सरकारी पुरावा, असं लोक सांगतात. खरं तर पुरातत्त्व खात्याची बहुतेक स्मारकं सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ उघडी असतात. शिवाय भानगडच्या शेजारी सरिस्काचं जंगल आहे, जिथे वाघ आहेत. रात्री तिथे न जाण्याला वाघ हे पुरेसं कारण आहे.

शनिवारवाडाही संध्याकाळी बंद होतो. रात्री तट चढून जायचा विचार कुणी बोलून दाखवला, तर त्याला सरळ नाही म्हणा. जुने दगड निसटतात, विंचू-साप असतात, आणि संरक्षित स्मारकात चोरून शिरणं हा गुन्हा आहे.

दिवसा मात्र जरूर जा. दिल्ली दरवाजावरचे टोकदार खिळे बघा, हत्तीने डोकं लावून दरवाजा फोडू नये म्हणून ते इतक्या उंचीवर ठोकले आहेत. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे, तो फरक शोधा. हजारी कारंज्याच्या पाकळ्या बघा. मग दक्षिणेकडच्या तटातला नारायण दरवाजा शोधा. नारायणरावाचे अवशेष त्याच वाटेने बाहेर नेले, म्हणून त्याला ते नाव पडलं, असं सांगतात. तिथे उभं राहून सोबतच्यांना एक माहिती अवश्य द्या. या खुनानंतर पेशवाईचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, आणि ज्या रघुनाथरावांच्या हाती त्या वेळी सगळी सत्ता होती, त्यांनाच दोषी ठरवलं. भुताची हाक सगळ्यांना माहीत असते, रामशास्त्र्यांची ही चौकशी पुष्कळांना सांगता येत नाही. ती सांगा.

आणि कुणी भेटलं, जे म्हणतं की मी स्वतः ती हाक ऐकली, तर त्याला हसू नका. वही काढा आणि विचारा: किती वाजले होते? तुम्ही नेमके कुठे उभे होता? वारा होता का? आणि ही गोष्ट तुम्ही त्याआधी ऐकली होती का? उत्तरं लिहून ठेवा. टेबल फॅनच्या प्रयोगात किती हात वर झाले, त्याशेजारीच ती ठेवा. आणि हो, वाटेत एखाद्या जुन्या वाड्याच्या कोनाड्यात पांढऱ्या चेहऱ्याचं घुबड दिसलं, तर त्याला दगड मारू नका आणि कुणाला मारू देऊ नका.